एकाच बादलीतलं पाणी

२ नोव्हेंबर

किटली-कंपनीचं पत्र आलं. "आपल्या प्रदीर्घ सहकार्याबद्दल आम्ही मनःपूर्वक आभारी आहोत" एवढं वाचलं आणि खाली काय वाढून ठेवलंय ते कळलं. उगाच कोणी मनःपूर्वक आभार मानत नाही. किटलीत पाणी तापवणारी जी कॉइल आम्ही त्यांना करून देतो, ती त्यांना आता दुसरीकडून तयार मिळते. महिनाअखेरीस आमची शेवटची खोकी घेतील आणि नमस्कार.

आमचा कारखाना म्हणजे एक लांबट खोली, तीन टेबलं, एक हातप्रेस, मागच्या अंगणात बोअरचा नळ. पण त्यावर तीन बायकांची घरं चालतात. मावशी बावीस वर्षं आहेत, माझ्या चुका मला त्यांच्याकडूनच कळतात. दुसरी चष्मेवाली. तिसरी धाकटी, वयाने नव्हे, दोन मुलांची आई आहे, पण कामाला शेवटी लागली म्हणून धाकटी. ह्या तिघींना मी काय सांगू?

माझ्या डोक्यात वर्षभर एक यंत्र घोळतंय. वाफारा घ्यायचं. ते महिन्याभरात उभं राहिलं तर कारखाना चालेल, नाहीतर तीस तारखेला शटर खाली. माझं काही नाही, मी घरी बसेन. माझी काळजी त्या तिघींची आहे.

हिला सांगितलं. भांडी लावता लावता थांबली. "म्हणजे तीस तारखेनंतर तुम्ही दिवसभर घरी?"

"तसंच काही झालं तर."

"बरं," म्हणाली, आणि एक ताट उगाच दोनदा पुसलं. कॉइलचा एक वेढा सैल असला तरी मी आवाजावरून सांगतो, पण त्या "बरं"मध्ये काय होतं ते काही ओळखता आलं नाही.

मन मोकळं करायला जागा असावी म्हणून ही वही.

५ नोव्हेंबर

चाललं. पहिल्याच दिवशी चाललं.

युक्ती साधी आहे. कॉइल घालायचीच नाही. कपात दोन स्टीलच्या पट्ट्या समोरासमोर, मध्ये पाणी. वीज एका पट्टीतून पाण्यात शिरते, दुसरीतून बाहेर पडते, आणि जाता जाता पाणीच तापवते. पाणी संपलं की वाट बंद, यंत्र आपोआप गप्प. विसरभोळ्या माणसाचं घर जळणार नाही. आयुष्यभर कॉइल विकून शेवटी बिनकॉइलचं यंत्र काढलं म्हणून मावशी हसल्या. "भाऊ, हे म्हणजे शिंप्याने उघडं फिरण्यासारखं झालं."

मागच्या नळावरून बादली भरून आणली, त्यातलं पाणी कपात घातलं, प्लग लावला. पंचवीस अंक मोजेपर्यंत पाणी गुणगुणायला लागलं, चाळीसला वाफ. चष्मेवालीचा चष्मा धुरकटला. ती म्हणाली, "चला, ह्या पाण्याचा काहीतरी उपयोग झाला." आमचं पाणी मचूळ आहे, त्यात चहासुद्धा फाटल्यासारखा लागतो. तिघी प्यायला घरून बाटल्या आणतात.

९ नोव्हेंबर

संध्याकाळी घरी डब्यात टाकायचा कागद लिहायला बसलो. सुरुवात अशी केली: "अनादी काळापासून मानवजात सर्दीशी झुंजत आली आहे."

हिने वाचलं. "सर्दी कुणाला झालीय? मानवजातीला, की ज्याने डबा उघडला त्याला? त्याला एका हातात रुमाल धरून वाचायचंय."

मग दोघांनी मिळून लिहिलं. म्हणजे मी सांगितलं आणि तिने खोडलं. शेवटी उरलं ते असं: "व्हेपोरायझर म्हणजे पाण्याची वाफ करून ती तुमच्या नाकापर्यंत पोचवणारं यंत्र. चोंदलेलं नाक, बसलेला घसा, जड झालेलं डोकं यांना वाफेने हलकं वाटतं. चेहऱ्याला वाफ द्यायलाही चालतं. पाणी संपलं की यंत्र आपोआप थांबतं. तो बिघाड नव्हे. प्लग काढल्याशिवाय झाकण उघडू नये, पाण्याला हात लावू नये. लहान मुलांना एकटं जवळ सोडू नये."

वर तिने स्वतःच्या हाताने एक ओळ घातली: "यंत्र सर्दी बरी करत नाही. ताप असेल, दम लागत असेल तर डॉक्टरकडे जा."

"अगं, आपल्याच मालाची ही कसली जाहिरात?"

"खरी," म्हणाली.

११ नोव्हेंबर

औषधवाल्याकडे गेलो. शाळेत आम्ही एका बाकावर होतो. तेव्हा तो माझी गणितं बघून लिहायचा, आता मला गोळ्या मोजून देतो. त्याच्या भावांची धरून सहा दुकानं आहेत. सहा दुकानांत यंत्र लागलं तर माझ्या तिघींचे हात रिकामे राहणार नाहीत.

कागद वाचून म्हणाला, "बरं झालं, कशाचं ते स्पष्ट लिहिलंस. व्हेपोरायझर म्हटलं की माझ्याकडे निम्मे लोक डास पळवायचं मागतात. परवा एक पोरगा आला, त्याला धूर ओढायचं हवं होतं, म्हटलं बाबा रे, हे औषधांचं दुकान. माझा पुतण्या ऑपरेशनच्या खोलीत भूल देतो, त्याच्याकडे एक आहे, भुलीच्या औषधाची वाफ करतं. तुझं नाक उघडतं, त्याचं डोळे मिटवतं."

"सगळ्यांत तत्त्व एकच. पातळ असतं त्याची वाफ करायची."

"तत्त्व राहू दे, परत किती येतील ते सांग."

"एकही नाही."

"मग ऐक. बारा यंत्रं दे. माझ्या बारा ओळखीच्या घरी फुकट वापरायला देतो. पंचवीस तारखेपर्यंत तीन परत आली तर समजू, नशीब. चौथं आलं की विषय संपला. मित्र तू माझा आहेस, गिऱ्हाईक नाही."

मी हात पुढे केला. सत्तर यंत्रं दे म्हणाला असता तरी केला असता.

१४ नोव्हेंबर

बारा यंत्रं गेली. एकही नग तपासल्याशिवाय दाराबाहेर पडला नाही. ओळीने टेबलावर मांडले, एकाच बादलीतलं पाणी प्रत्येकात मापाने घातलं आणि मी डोळे मिटून कान लावले. बाराच्या बारा चाळीस अंकांच्या आत. नवव्याला आधी त्रेचाळीस लागले तर पट्टी सरळ करून घेतली. मोठ्या कंपन्या शंभरातला एक तपासतात. आम्ही बारातले बारा.

दुपारी मावशी मागच्या दाराशी फोनवर बोलत होत्या. मी ऐकत नव्हतो, ऐकू आलं. "नाही हो, बिस्किटवाल्यांना सांगा आत्ता नाही जमणार... हो, पगार कळला... अहो पण एकदम कसं निघायचं, इकडे माणूस एकटा पडेल."

त्यांच्या घरी कोणी आजारी असावं. विचारायचं होतं, पण खासगी गोष्ट. एवढं असून कामाला मात्र वेळेवर. अशा बाईसाठी तरी हे यंत्र चाललंच पाहिजे.

१६ नोव्हेंबर

काल हिला सर्दी झाली. देवाने संधी दिली म्हणून एक यंत्र घरी आणलं, ओट्यावर ठेवलं, फिल्टरमधून स्वच्छ पाणी घेतलं, प्लग लावला. दहा मिनिटं ही डोक्यावर टॉवेल घेऊन बसली. मग टॉवेलच्या आतून आवाज आला, "अहो, वाफ कधी येणार? मला इथे झोप यायला लागली."

प्लग हलवला, दुसऱ्या बटणावर लावला. काही नाही. आज सकाळी कारखान्यात नेलं, मावशींनी बादलीतलं पाणी घातलं, अडतीस अंकांत वाफ. संध्याकाळी परत घरी, पुन्हा ढिम्म.

म्हटलं, "तुझ्याच घरात चालत नाही. तिकडे कसं चालतं?"

ही नाक शिंकरत म्हणाली, "तिकडच्या सगळ्याचंच तुम्हाला कौतुक. मग तिकडचं पाणीसुद्धा घेऊन या."

सर्दीने माणूस चिडचिडा होतो. शेवटी तिने पातेल्यात पाणी उकळून वाफ घेतली. घरची वायरिंग जुनी आहे, वायरमनला बोलवायला हवं.

१८ नोव्हेंबर

पहिलं परत आलं. हेडमास्तरांचं. सेवानिवृत्त आहेत, पण अजून प्रार्थनेच्या रांगेसमोरून चालल्यासारखे चालतात. औषधवाल्याने त्यांना थेट कारखान्यातच पाठवलं.

"तुमचं यंत्र निष्क्रिय आहे," म्हणाले.

त्यांच्यादेखत बादलीतलं पाणी घातलं. पस्तीस अंकांत अशी वाफ, की मास्तरांच्या मिशा ओल्या झाल्या.

"म्हणजे मी खोटं बोलतो?"

"छे सर, कधीकधी प्लग नीट बसत नाही."

"मी चाळीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवलं. प्लग कसा लावायचा ते मला ठाऊक आहे." नाकातून बोलत असल्यामुळे ते फार दुखावल्यासारखे वाटले. यंत्र तिथेच ठेवून गेले.

ते गेल्यावर मी म्हणालो, नाचता येईना अंगण वाकडं. चष्मेवाली हसली. मावशी हसल्या नाहीत.

२० नोव्हेंबर

आणखी दोन. एक शिवणकाम करणाऱ्या बाईंचं, एक दाताच्या डॉक्टरांचं. दोन्ही कारखान्यात उत्तम चालतात. औषधवाल्याचा फोन: "तीन झाली हं." तो ज्या बेताने श्वास घेतो त्यावरून मला सगळं कळतं.

आणखी एक आलं की संपलं.

आज माझ्या हातून वाईट गोष्ट झाली. तिन्ही परत आलेली यंत्रं धाकटीने जोडली होती असं रजिस्टरवरून दिसलं. मी सगळ्यांसमोर तिला विचारलं, "स्क्रू आवळताना लक्ष कुठे असतं?" तिने मान खाली घातली, म्हणाली, "इथेच असतं भाऊ." पुढे दिवसभर तिच्या टेबलावरून एक शब्द नाही. एरवी तिकडून कायम काहीतरी गाणं चालू असतं. त्या बारांपैकी सात तिनेच जोडलेत, हे मला संध्याकाळी आठवलं. म्हणजे चार चांगले चालताहेत.

ह्या वहीत खरं लिहायचं ठरलंय म्हणून लिहितो. मला भीती वाटतेय. तीस तारखेनंतरची सकाळ कशी असेल ते डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला. उठलो, दाढी केली, चहा घेतला. पुढे काही दिसेना. तिघींचं कसं होईल ह्याच विचाराने असं होत असणार.

२१ नोव्हेंबर

गाढव आहे मी. सव्वीस वर्षांचा अनुभवी, गाढव.

सकाळी हेडमास्तरांचं यंत्र घेऊन त्यांच्या घरी गेलो. म्हटलं, माफी मागू आणि त्यांची वायरिंगही बघू. मास्तरांनी दारातच विचारलं, "पुरावा आणलात?" पण आत घेतलं. त्यांच्या मिसेसनी भिंतीवरच्या फिल्टरखाली तांब्या धरला, कप भरला. मी प्लग लावला. मी कान लावला. पंचवीस, चाळीस, शंभर. पाण्याचा ब्रसुद्धा नाही.

मास्तर म्हणाले, "आता अंगण कोणाचं वाकडं?" कोणीतरी चहाडी केलेली दिसते. चष्मेवाली त्यांची विद्यार्थिनी निघाली.

मी प्यायला पाणी मागितलं. त्याच तांब्यातलं दिलं. प्यायलो, आणि घोट तोंडातच राहिला. काय गोड पाणी. कसलीच चव नाही. आमच्या बादलीतलं पाणी तोंडात घेतलं तर जीभ सांगते की आत काय काय आहे.

"काकू, नळाचं पाणी आहे का? साधं, न गाळलेलं?"

त्यांनी कुंड्यांना घालायच्या झारीतलं दिलं. कप रिकामा करून ते घातलं. साठ अंकांना पाणी गुणगुणलं. नव्वदला मास्तरांनी टॉवेल मागवला.

मग टॉवेलच्या आतून त्यांनी मला विज्ञान शिकवलं. "शुद्ध पाण्यातून वीज जात नाही. पाण्यात विरघळलेले क्षार ती नेतात. हा सातवीचा धडा आहे."

"मी सहावीत शाळा सोडली, सर."

"तरीही," टॉवेल म्हणाला, "यंत्र उत्तम आहे. आणि मला सातवीचा धडा येत असून फिल्टर आठवला नाही, हे बाहेर बोलू नका."

बाराच्या बारा यंत्रांची मी एकाच बादलीतल्या पाण्यावर परीक्षा घेतली. आणि ती बादली अशी, की तिच्यातलं पाणी माणसं तोंडात घेत नाहीत. आजकाल जो तो गाळलेलं पाणी पितो. माझ्या स्वतःच्या घरी फिल्टर आहे. वही मागे चाळली तर सोळा तारखेला माझ्याच अक्षरात लिहिलंय, तिकडचं पाणीसुद्धा घेऊन या. हिला विचारलं, "तुला तेव्हाच कळलं होतं?"

"मला काय कळतंय त्यातलं. तिकडे चालतं आणि इकडे नाही, तर तिकडचं काय इकडे नाही एवढंच बघायचं ना."

कारखान्यात जाऊन आधी धाकटीपुढे उभा राहिलो. सगळ्यांसमोर बोललो होतो, तेव्हा सगळ्यांसमोरच म्हणालो, "स्क्रू नीट होते. माझं डोकं सैल होतं." ती म्हणाली, "असू दे भाऊ." अर्ध्या तासाने तिकडून गाणं सुरू झालं. सूर नेहमीसारखाच कच्चा, पण कानाला बरं वाटलं.

२२ नोव्हेंबर

उपाय सोपा: गाळलेल्या पाण्यात चिमूटभर मीठ. आनंदाने औषधवाल्याच्या दुकानात गेलो, काउंटरवर यंत्र ठेवलं, त्याच्या पिण्याच्या पाण्याने कप भरला आणि चिमूट टाकली. फट्कन आवाज, पाणी उसळलं, आणि दुकानात अंधार.

अंधारातून औषधवाल्याचा आवाज आला, अगदी शांत. "फ्रिजमध्ये औषधं आहेत माझी."

फ्यूज मीच बसवून दिला. चूक कळली: चिमूट कोणाची? माझी बोटं पान्याची सवय असलेली, मावशींची चिमूट माझ्या निम्मी, चष्मेवालीची त्याच्याही निम्मी. कागदावर "चिमूटभर" लिहिलं तर निम्म्या गावात अंधार होईल. मावशी म्हणाल्या, "चिमूट सांगू नका, चमचा द्या."

एवढा बारीक चमचा आणायचा कुठून? धाकटी उठली. पट्ट्या कापून उरलेल्या स्टीलच्या काड्या कचऱ्याच्या डब्यात असतात, त्यातली एक घेतली, टोकाला गोल पोगर, म्हणजे पत्र्यात खळगा पाडायचा बोथट खिळा, ठेवून हातोडीचा एक ठोका. चण्याच्या डाळीएवढा खळगा. कडा कानशीने घासल्या. झाला चमचा. आम्ही पाच घरांतलं पाणी आणून, मीठ मोजून घालून बघितलं. एक सपाट चमचा, सगळीकडे दीड मिनिटाच्या आत वाफ, आणि दिवे जागच्या जागी.

२३ नोव्हेंबर

मी आणि धाकटी बाराही घरं फिरलो. प्रत्येकाला चमचा आणि नवा कागद. परत आलेली तिन्ही ज्यांची त्यांना पोचवली. नऊ चांगल्या चालणाऱ्यांपैकी सात नळाचं पाणी वापरतात, आणि दोघांनी तर डबा उघडलेलाच नाही.

२५ नोव्हेंबर

औषधवाल्याकडे दिवसभर स्टुलावर बसून होतो. तो म्हणाला, "घरी जा, तुझ्याकडे बघून गिऱ्हाइकांना वाटतं तुला काहीतरी लागण झालीय." गेलो नाही. परत आलेली तीन मोजणार का, असं विचारलं. म्हणाला, "आली ती आली."

दुकान बंद व्हायला अर्धा तास राहिला असताना एक बाई आल्या. हातात आमचा डबा. ठेवला काउंटरवर. "हे परत घ्या. चांगलं चाललेलं असतं आणि मधेच बंद पडतं."

मी उठलो तसं स्टूल मागे आडवं झालं.

औषधवाल्याने चष्मा वर सरकवला. "बंद पडतं तेव्हा कपात पाणी असतं?"

"नाही, तेव्हा संपलेलं असतं."

"ताई, पाणी संपलं की यंत्र आपोआप थांबतं, तो बिघाड नव्हे." शब्दन् शब्द आमच्या कागदातला, पाठ. "तुम्ही विसरलात तर ते विसरत नाही. एवढं करणारं दुसरं यंत्र मला दाखवा, मी दुकान बंद करतो. घरी न्या, आणि डब्यातला नवा चमचा हरवू नका."

बाई डबा घेऊन गेल्या. औषधवाला माझ्याकडे न बघता बिलाचं पुस्तक आवरू लागला.

"तू कागद कधी पाठ केलास?"

"शाळेपासून तुझंच वाचून लिहीत आलोय," म्हणाला. "सहा दुकानांना किती लागतील ते उद्या बसून ठरवू. तीन आली, चौथं आलं नाही."

२६ नोव्हेंबर

सकाळी तिघींना बोलावून सांगितलं. "कारखाना बंद होत नाही. सहा दुकानं घेतायत. तुमची काळजी मिटली."

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग मावशी म्हणाल्या, "मिटली हो भाऊ, मिटली. आता घरी वहिनींनाही फोन करा. त्यांची जास्त होती."

"तिची काय काळजी?"

"करा तर खरं."

फोन कशाला, दुपारी जेवायला घरीच गेलो. ही कपाट आवरत होती. म्हटलं, "तीस तारखेनंतर मी घरी नाही." ती हातातली चादर घेऊन तशीच पलंगावर टेकली. मग म्हणाली, "बरं." हे "बरं" पहिल्यासारखं नव्हतं, एवढं मात्र ऐकू आलं.

चादरीच्या घडीतून एक कागद पडला. तिच्या अक्षरात, डिसेंबरची यादी. "सकाळी फिरणे, लांबच्या बागेपर्यंत. नऊ ते दहा वर्तमानपत्र. मी मधे बोलायचं नाही. शेजारच्यांचं दार करकरतं, त्यांना सांगून ठेवलंय की तेल घालू नका, हे घालतील. बुधवारी इस्त्री बिघडवणे. शुक्रवारी मिक्सर. आठवड्याला दोनच वस्तू, नाहीतर ओळखतील."

मी कागद दोनदा वाचला. ही खिडकीबाहेर बघत होती.

इस्त्रीपुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं: "मागचं झाकण उघडून डावीकडचा स्क्रू अर्धा फेरा सैल. वायर तोडू नये." स्क्रू बरोबर डावीकडचाच. फेराही अर्धाच हवा. त्याहून जास्त सैल केला तर ठिणगी उडते. कारखान्यातल्या गोष्टी मी रोज जेवताना सांगत आलो, आणि ही माझं ऐकतच नाही असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.